गच्चीवरची बागही वारशातच धरा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

जुन्या वारसा इमारतींच्या दुरुस्तीच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात. घुमट, कमानी, रंगीत काचा, लाकडी जिने यांवर त्यात भरभरून लिहिलेले असते. गच्चीवर बाग असेल तर तिच्या वाट्याला मात्र बहुधा एकच ओळ येते: 'गळतीमुळे बाग काढून टाकण्यात आली.' ती ओळ वाचून दर वेळी जीव तुटतो, म्हणून हे पत्र.

इमारत-दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. छत गळू लागले की पहिला आळ झाडांवर येतो. प्रत्यक्षात माती बाजूला सारून पाहिले, तर दोष बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेत सापडतो. निचऱ्याच्या तोंडावरची जाळी उचलली की खाली केसांच्या पुंजक्यासारखी बारीक मुळांची दाट गुंडी निघते आणि तिच्यात पानांचा काळा चिखल अडकलेला असतो. ती बोटांनी ओढून काढली की तुंबलेले पाणी आवाज करत खाली उतरू लागते. गच्चीचा ढाळ कुठेतरी बसलेला असतो, कठड्याच्या बुडाशी डांबराचा थर सुटलेला असतो आणि पाणी तिथूनच आत मुरते. अशा गच्चीवर एकही रोप नसते, तरी ती गळलीच असती.

वजनाची भीती मात्र खरी आहे, ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. पावसात भिजलेली साधी माती घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते. म्हणजे फूटभर जाडीच्या थराचा भार चौरस मीटरला ५००-६०० किलो झाला. अनेक जुन्या गच्च्यांना त्याच्या निम्माही झेपत नाही. त्यात वर्षानुवर्षे कुणी नवी माती ओतलेली असते, कुणी सिमेंटच्या कुंड्या बांधलेल्या असतात. म्हणून पुनरुज्जीवनाची सुरुवात रोपवाटिकेत नको, खांब आणि तुळया नेमक्या कुठे आहेत ते शोधण्यापासून हवी. शिकागोच्या सिटी हॉलची इमारत १९११ची, तिच्या छपरावर बाग केली २००१मध्ये. तिथे सगळीकडे सारखी माती पसरली नाही. आधार भक्कम तिथे उंचवटे आणि मोठी झाडे, इतरत्र हलक्या मिश्रणाचा पातळ थर. त्याच इमारतीचा दुसरा अर्धा भाग काउंटीचा, म्हणजे जिल्हा प्रशासनाचा. त्याचे छप्पर तेव्हा डांबरीच होते आणि भर उन्हाळ्यात ते बागेच्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त तापत असल्याचे मोजमापात दिसले. ही बाग नव्याने केलेली होती, जुनी परत आणलेली नव्हती. पण भार कसा वाटून द्यायचा, हे जुन्या बागा सावरणाऱ्यांनी तिथूनच शिकावे.

जुनी बाग परत आणताना आणखी एक जबाबदारी येते. ऐतिहासिक बागांच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगणाऱ्या १९८१च्या फ्लॉरेन्स सनदेने ऐतिहासिक बागेला जिवंत स्मारक मानले आहे. बागेच्या घटकांना सुटे सुटे हात लावू नका, सगळ्यांचा एकत्र विचार करा आणि पुरेसा अभ्यास केल्याशिवाय पुनरुज्जीवनाला हात घालू नका, असे ती सांगते. गच्चीवरच्या बागेला हे दुप्पट लागू पडते, कारण तिची जमीन म्हणजेच इमारतीचे छप्पर. तरीही आपल्याला काय दिसते? जलरोधनाचा ठेका एकाला, हिरवळीचा दुसऱ्याला आणि दोघांची कधी गाठही पडत नाही. पाणी कोंडून चाचणी न घेताच माती चढवली जाते. मुळे अडवणारा पडदा 'नंतर बघू' म्हणून राहून जातो. जुने नकाशे, छायाचित्रे, रोपांच्या खरेदीच्या नोंदी कुणी उघडत नाही. शेवटी तयार गालिच्यासारखी हिरवळ अंथरून, चार छत्र्या-खुर्च्या मांडून त्यालाच पुनरुज्जीवन म्हणतात. हे मला अजिबात मान्य नाही. जुन्या वाटांची आखणी, कारंज्याची जागा, सावली धरणारी झाडे गेली की बागही गेली, वर कितीही हिरवे दिसो.

लंडनमधल्या केन्सिंग्टनच्या 'डेरी अँड टॉम्स' या दुकानाच्या छपरावर १९३८मध्ये सुमारे दीड एकराची बाग खुली झाली: एक स्पॅनिश धाटणीची, एक ट्यूडर काळातली वाटावी अशी आणि एक इंग्लिश वनराई. दुकान १९७३मध्ये बंद पडले, मालक बदलत गेले, बाग मात्र उरली. झाडांना कायद्याचे संरक्षण मिळाले आणि बाग संरक्षित यादीत गेली, त्याचा यात मोठा वाटा आहे असे मी मानते. बाग आखणारे राल्फ हॅनकॉक यांनीच तिच्या तीन वर्षे आधी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये अकराव्या मजल्यावर निरनिराळ्या देशांच्या शैलींतल्या बागा केल्या होत्या. त्या मूळ रूपात फार काळ टिकल्या नाहीत. म्हणजे कसब एकाच माणसाचे, पण एक बाग राहिली आणि दुसरी गेली.

म्हणून वारसा यादीत इमारतीची नोंद करताना गच्चीवरची बाग, तिची आखणी आणि मोठी झाडे स्वतंत्रपणे नोंदवली जावीत. बाग काढण्याची परवानगी मागणाऱ्याने गळती नेमकी कुठून होते हे आधी दाखवून द्यावे. आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात माळ्याच्या पगाराची कायमची तरतूद असावी. निचऱ्याच्या जाळ्या दर आठवड्याला साफ करणारा, कठड्याच्या फटीत रुजलेले पिंपळाचे रोप बोटभर असतानाच उपटणारा माणूस ठेकेदार निघून गेल्यावरही तिथे लागतोच. मोठमोठ्या रकमांच्या योजनांत नेमके हेच पद नसते.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. यापुढे अशा दुरुस्तीची बातमी करताना गच्चीवर जरूर चढावे, आणि तिथे बाग असेल किंवा पूर्वी असेल, तर तिची देखभाल कोण करणार आणि पगार कोण देणार, हे संबंधितांना विचारून त्यांचे उत्तर छापावे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक