नकाशा नंतर, आधी अडवणूक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार पुरवणीतला टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांवरचा, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत फाशांनी खेळायच्या खेळांवरचा, लेख वाचला. या छंदाला वर्तमानपत्रात एवढी जागा मिळाली, याचा आनंद आहेच. पण राजकारणावर बेतलेल्या कॅम्पेनसाठी (अनेक बैठकांत चालणाऱ्या एका सलग खेळासाठी) काल्पनिक जग उभारताना आधी अख्ख्या खंडाचा नकाशा, मग हजार वर्षांचा इतिहास आणि शेवटी राजघराण्यांच्या वंशावळी, असा जो क्रम लेखात दिला आहे तो नवख्या गेममास्टरला (जग उभारून खेळ चालवणाऱ्याला) हमखास गाळात घालणारा आहे. महिनोन् महिने वंशावळीत जातात आणि पहिल्याच सेशनला, म्हणजे बैठकीला, खेळाडू विचारतात, "बरं, मग आम्ही करायचं काय?" म्हणून हा पत्रप्रपंच.

त्याआधी एक दुरुस्ती. राजकीय रोलप्लेइंग हे अलीकडचं फॅड असल्याचा सूर लेखात आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनश्टाइन' हा खेळ मांडला. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव, आणि खेळाडूंकडे सैन्याच्या तुकड्यांबरोबरच नगराध्यक्ष, बँकर, विद्यापीठाचा कुलपती अशा भूमिका. त्या मंडळीत असलेल्या डेव्ह आर्नेसन यांनी पुढे गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा जादू आणि ड्रॅगनांचा रोलप्लेइंग खेळ तयार केला. तो प्रसिद्ध झाला १९७४ मध्ये. म्हणजे गावातली ओढाताण आधीची, भुयारं आणि ड्रॅगन मागाहूनचे.

आता मुद्द्यावर येतो. राजकीय जग रचताना पहिल्यांदा एकच भांडण ठरवावं: सगळ्यांना हवी आहे, पण वाटून घेता येत नाही, अशी गोष्ट कोणती? गादी, बंदर, पाण्याचा दरवाजा, काहीही चालेल. त्यानंतर प्रत्येक गटापुढे एक वाक्य लिहावं: "यांनी मनात आणलं तर अमुक अडतं." ज्या गटापुढे हे वाक्य लिहिता येत नाही तो गट शोभेचा आहे, तो खुशाल काढून टाकावा. झेंडे, बोधचिन्हं, पोशाख यांवर वेळ घालवायचा मोह मोठा असतो, पण खेळाडू वाटाघाटीला बसतात तेव्हा त्यांच्या हातात ही अडवणूकच असते.

उदाहरणादाखल एक राज्य घेऊ. राणी म्हातारी, वारस नाही, आणि मिठागरं फक्त एका खाडीत. नावाडी संघाने होड्या बांधून ठेवल्या की मीठ हलत नाही. डोंगरी सरदारांनी खिंड बंद केली की पलीकडचं लोखंड येत नाही. मठात शपथ घेतल्याशिवाय कुठलाही करार कायदेशीर ठरत नाही. खजिनदाराच्या शिक्क्याविना पगार निघत नाहीत. आणि राजधानीच्या वेशी सेनापतीच्या ताब्यात. वारस निवडणाऱ्या राजसभेत एकूण ९ मतं: नावाडी ३, डोंगरी २, मठ २, खजिनदार १, सेनापती १.

इथे साधं बहुमत, म्हणजे ५ मतं, पुरेसं ठेवलं तर नावाडी आणि मठ दोघंच मिळून निकाल लावतात आणि कॅम्पेन दुसऱ्या सेशनला आटोपतं. म्हणून अट ६ मतांची ठेवावी. मग कोणत्याही दोन गटांचं जमत नाही. नावाड्यांना दोन मतांचा एक गट आणि वर आणखी एक साथीदार लागतो. त्यांना वगळायचं तर बाकी चौघांना एकत्र यावं लागतं; त्यांची मतं बरोबर ६ भरतात, एकही फुटून चालत नाही. ठराव पाडायला मात्र ४ मतं पुरतात, म्हणजे नावाड्यांच्या ३ मतांत खजिनदाराचं एकुलतं एक मत मिळालं की सगळं ठप्प. खजिनदाराला अचानक भाव येतो तो असा. कागदावर मतं वाटून झाली की किती जुळण्या जिंकतात आणि किती अडवतात हे दहा मिनिटं बसून मोजावंच. एखाद्या गटावाचून कुठलीच जुळणी अडत नसेल, तर खेळाडू त्याच्या दारात फिरकणार नाहीत.

निवडणुकीची पद्धत सुचत नसेल तर इतिहासातून बेलाशक उचलावी. १३५६ च्या 'गोल्डन बुल' फर्मानानुसार पवित्र रोमन साम्राज्यात सात निर्वाचक राजा निवडत, त्यांत तीन आर्चबिशप होते. तीस दिवसांत निवड झाली नाही तर त्यांना पुढे फक्त पाव आणि पाणी मिळे. ही एक अट टेबलावर आणली तरी सेशनला घड्याळ लागतं. व्हेनिसमध्ये १२६८ पासून डोज (तिथला राज्यप्रमुख) निवडताना चिठ्ठ्या आणि मतदान आलटून पालटून चालायचं; शेवटच्या ४१ जणांपैकी किमान २५ मतं लागत. लाच कोणाला द्यायची हेच आधी कळू नये, ही त्यामागची युक्ती. पोलंडच्या संसदेत तर एका सदस्याच्या नकाराने अधिवेशन मोडत असे. १६५२ मध्ये हा नकार पहिल्यांदा वापरला गेला आणि १७९१ च्या राज्यघटनेने तो रद्द केला. खेळात मात्र असा सरसकट नकाराधिकार देऊ नये. एक चिडका खेळाडू सगळी संध्याकाळ बसवून टाकतो.

गट किती असावेत? तीनपेक्षा कमी नकोत. दोनच असले की राजकारण संपून बाजू निवडणं उरतं. पाचांच्या वरही जाऊ नये. चार गटांत जोड्या ६ होतात, पाचांत १०, आणि आठ गट केले की २८. प्रत्येक जोडीसाठी एक देणं आणि एक जुनं दुखणं लिहायचं असतं, तेव्हा २८ जोड्या कोणाच्याच डोक्यात राहत नाहीत. दहा जोड्या एका पानावर मावतात. इतिहास लिहायचा तो एवढाच: आज ज्याच्यावरून कोणी कोणाशी बोलत नाही तितका. तीन पिढ्यांपलीकडचं काही लागलंच तर मठातल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी ऐनवेळी घालता येतं.

नकाशा काढावा, पण किलोमीटरऐवजी दिवसांचा. माल लादलेली गाडी दिवसाला १५ ते २० किलोमीटर जाते आणि फौजेचा वेगही तिच्या गाड्यांइतकाच. टप्प्याटप्प्यावर घोडे बदलणारा जासूद १२० किलोमीटर सहज काटतो. आता खिंड राजधानीपासून २४० किलोमीटरवर ठेवा. बंडाची बातमी दोन दिवसांत दरबारात पोचते; फौज त्याच दिवशी निघाली तरी तिला आणखी पंधरा दिवस लागतात. हे पंधरा दिवस खेळाडूंचे. दूत पाठवणं, मन वळवणं, पत्र मध्येच गाठणं, सगळं त्यातच होतं. अंतरं न ठरवता "तुम्ही पोचलात" म्हणत गेलात तर ही जागाच नाहीशी होते.

रसदीचा हिशेबही एकदा करून ठेवावा. माणसाला दिवसाला साधारण एक किलो धान्य, कामाच्या घोड्याला चारा सोडून चार किलो. ५,००० माणसं आणि १,००० घोडे म्हणजे रोज ९ टन. अर्ध्या टनाच्या गाडीने रोज १८ गाड्या, दहा दिवसांच्या शिध्याला १८०. त्या ओढणाऱ्या जनावरांचं खाणं वेगळंच. गाड्या कोणाच्या आणि धान्य कोणाच्या कोठारातलं, हे विचारलं की सेनापतीची गुर्मी उतरते. बाकी अर्थकारणाच्या फार खोलात जाऊ नये. उत्पन्न शंभर भाग धरून किती फौजेवर, किती व्याजावर आणि किती शिल्लक एवढं पुरे. शिल्लक पाचाच्या आत ठेवावी.

खरी गफलत होते ती जादूपाशी. लोक मध्ययुगीन दरबार जसाच्या तसा उचलतात आणि त्यात जादूगार सोडतात. दोन्ही एकत्र टिकत नाहीत. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीतले तीनच मंत्र पाहा. 'झोन ऑफ ट्रुथ' तिसऱ्या लेव्हलचा (पायरीचा) क्लेरिक, म्हणजे मंत्र टाकणारा पुरोहित, टाकू शकतो. १५ फूट त्रिज्येत दहा मिनिटं जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, आणि मंत्र कोणावर चालला, कोणावर नाही, हे टाकणाऱ्याला कळतं. असा क्लेरिक प्रत्येक मठात असेल तर खुनाचं रहस्य दहा मिनिटांत उलगडेल. मात्र मंत्र लागलेल्या माणसाला त्याची जाणीव असते, तो गप्प बसू शकतो किंवा शब्दांत खेळू शकतो. इथेच कायदा आणावा: सरदारांना वलयात उभं न राहण्याचा हक्क आहे, सामान्यांना नाही. एका वाक्यात मंत्राची धार बोथट झाली आणि जनतेला एक तक्रारही मिळाली.

'सेंडिंग'ने ओळखीच्या माणसाला पंचवीस शब्दांचा निरोप क्षणात जातो आणि तसंच उत्तर येतं. बातमी पोचायला लागणारे वरचे दोन दिवस मग शून्यावर येतात. हा मंत्र काढून टाकण्यापेक्षा तो कोणाकडे आहे हे ठरवावं. तो टाकणारे फक्त मठात असतील तर मठाला प्रत्येक निरोप कळतो, आणि ज्याला गुपित राखायचं आहे तो पुन्हा घोड्यावरच माणूस पाठवतो.

'रेझ डेड' सगळ्यात घातक. मृत्यूला दहा दिवस उलटले नसतील, आत्मा यायला राजी असेल आणि ५०० सुवर्णनाण्यांचा हिरा जाळता येत असेल, तर मेलेला राजा उठून बसतो. मग वारसाचं भांडण कसलं? उपाय दोन. धड शिराविना असेल तर हा मंत्र फसतो, तेव्हा त्या जगातले मारेकरी शिर घेऊनच जातात. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: मृत्यू झाला की पदं, करार आणि लग्न संपतात असा कायदा. उठलेला राजा मग फक्त एक संतापलेला, कफल्लक नागरिक. हिऱ्यांची खाण कोणाकडे, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. मन वाचणं, रूप पालटणं, मोहिनी घालणं या प्रत्येकाला हाच न्याय लावावा: कोणाकडे आहे, कायदा काय म्हणतो, आणि श्रीमंत लोक त्यातून कसे सुटतात.

टेबलावरच्या काही गोष्टी. दोन सेशनच्या मध्ये जग हललं पाहिजे. प्रत्येक गटाच्या बेतासाठी सहा खान्यांचं एक वर्तुळ काढावं आणि सेशननंतर त्याच्या नावाने एक सहा बाजूंचा फासा टाकावा: १-२ पडल्यास काही नाही, ३ ते ५ ला एक खाना, ६ ला दोन. कोणी अडवलं नाही तर साधारण सात सेशनमध्ये बेत तडीला जातो. प्रत्येक भरलेल्या खान्याची खूण शहरात दिसली पाहिजे, मिठाचा भाव चढला, वेशीवरचे पहारेकरी बदलले, अशी. नाहीतर बेत पुरा होतो त्या दिवशी खेळाडूंना फसवणूक वाटते, आणि त्यांचं चुकत नाही.

समोरच्या पात्राचं मन वळलं की नाही हे ठरवणाऱ्या फाशाला आवर घालावा. शत्रू, नाराज, तटस्थ, अनुकूल, मित्र अशा पाच पायऱ्या ठेवाव्यात. एका यशाने एकच पायरी, तीही सेशनमध्ये एकदाच. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले म्हणून खजिनदार तिजोरीच्या किल्ल्या देत नाही. जे त्याच्या हातात नाही किंवा ज्याने तो स्वतः बुडेल, ते कुठल्याही फाशाने मिळत नाही; त्यासाठी देवाणघेवाण करावी लागते. कटाचा प्रत्येक निष्कर्ष किमान तीन वाटांनी सापडेल असं पाहावं, कारण एक धागा खेळाडू हमखास चुकवतात आणि दुसऱ्याचा भलताच अर्थ लावतात. एका प्रसंगात गेममास्टरने दोनपेक्षा जास्त पात्रं बोलती ठेवू नयेत. पाच मंत्र्यांचा वाद एकट्याने वठवला की समोरचे मोबाइल काढतात.

खेळाडूंची पात्रं वेगवेगळ्या गटांची देणेकरी असावीत, पण एकत्र राहण्याचं कारण सगळ्यांचं एकच हवं. वरच्या राज्यात ते राजसभेचे जासूद आणि कारकून असतील तर प्रत्येक दार त्यांना उघडं राहतं. पुढे मठाची एक जागा रिकामी करून ते मत त्यांच्या पदरात टाकता येतं. आपसात दगाफटका चालेल की नाही, गुप्त चिठ्ठ्या चालतील की नाही, कोणते विषय वर्ज्य, हे पहिल्या फाशाआधीच सगळ्यांनी बसून ठरवावं. यात टाळाटाळ झाली तर भांडण पात्रांचं राहत नाही.

आणि सेशन संपल्या संपल्या, मंडळी उठायच्या आत, कोणी कोणाला काय शब्द दिला ते लिहून घ्यावं. दुसऱ्या दिवशी गेममास्टरला त्यातलं निम्मं आठवत नाही. खेळाडूंना मात्र सोयीचं तेवढं अक्षरन् अक्षर आठवतं.

आपला,
एक गेममास्टर वाचक