गाडी वाटली, बॅटरी कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांगांना बॅटरीवरच्या तीनचाकी सायकली वाटल्याचा फोटो आपण रविवारी पहिल्या पानावर छापलात. मंडप, हारतुरे, मान्यवर आणि पुढे रांगेने गाड्यांवर बसवलेली माणसे. बातमीचा निम्मा भाग मान्यवरांच्या नावांनी भरलेला. गाडी बिघडली तर कुठे न्यायची आणि बॅटरी संपली तर नवी कोण देणार, याबद्दल एक ओळ नाही. काही वर्षांपूर्वी अशाच फोटोत माझा धाकटा भाऊ होता, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्या दिवशी सगळ्यांना सकाळी नऊला बोलावले होते. पाहुणे आले दुपारी दोननंतर. मंडपाला बाजूने कनाती नव्हत्या, ऊन थेट अंगावर येत होते. ज्यांना दोन पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्यासाठी कार्यक्रम, आणि स्वच्छतागृह शाळेच्या मागे, पाच पायऱ्या चढून! भावाने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तो कधीच बाहेर पाणी पीत नाही, कारण त्याला माहीत असते. गाड्या चार्ज केलेल्या नव्हत्या. फोटोसाठी दोन पोरांनी मागून ढकलून त्या रांगेत आणल्या. आम्ही आमची गाडी टेम्पो करून घरी नेली, भाडे आम्हीच दिले. हे तेव्हाही आपल्याला लिहिले होते, पण ते पत्र छापून आले नाही.

एवढे होऊनही सांगते, त्या गाडीने माझ्या भावाचे आयुष्य बदलले. त्याला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले, डाव्या हातात जोर नाही. कचेरीबाहेर बसून तो लोकांचे अर्ज लिहून देतो. आयुष्यभर एका उजव्या हाताने पेडल मारून त्या खांद्याची वाट लागली. भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र २०१४ मध्ये मिळाले, त्याचा आनंद आहेच. पण ज्यांना तो आधीच होऊन गेला ते आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांचे धड राहिलेले स्नायूही या वयात दमू लागतात. डॉक्टरांनी भावाला स्पष्ट सांगितले, खांदा वाचवायचा तर हाताची सायकल बंद. त्यामुळे मोटरची गाडी ही त्याच्यासाठी चैन नव्हती.

गाडी आल्यावर तो एकटा कचेरीत जाऊ लागला. गुरुवारच्या बाजारातून स्वतः निवडून मेथी आणू लागला. "ताई, तू येऊ नकोस, मी जातो," हे वाक्य मी त्याच्या तोंडून पन्नाशीत पहिल्यांदा ऐकले.

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर गाडी दमू लागली. आधी स्टँडपर्यंत जाऊन परत यायची, मग कालव्यापर्यंतच. एकदा ओढ्याच्या पुलावर संध्याकाळी बंद पडली. या गाडीला हाताचे पेडल नाही आणि वजन एवढे की एका माणसाला ढकलवत नाही. वायरमनने सीटखालचा डबा उघडला तर टर्मिनलवर चुन्यासारखा पांढरा-हिरवा थर चढलेला. मीटर लावला. एक बॅटरी साडेबारा व्होल्ट दाखवत होती, दुसरी जेमतेम आठ. दोन्ही एकामागे एक जोडलेल्या असतात, म्हणजे एक मेली की गाडी मेली. एकच बदलून भागत नाही, जुनी नवीलाही खाली ओढते. इन्व्हर्टरची बॅटरी त्या डब्यात बसत नाही. हमी एक वर्षाची होती, ती कधीच संपली. कार्डावरच्या नंबरवर फोन लागला तेव्हा उत्तर मिळाले की गाडी जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन या. बंद गाडी चाळीस किलोमीटर न्यायची कशी, ते सांगितले नाही.

आता नियम पाहा. दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत, जी १९८१ पासून चालू आहे, मोटरची गाडी सोळा वर्षांवरील व्यक्तीला दहा वर्षांतून एकदाच मिळते. शिसे-आम्लाची बॅटरी रोजच्या वापरात दोन-तीन वर्षे टिकली तरी नशीब. मधली सात वर्षे त्या माणसाने काय करायचे? निराधार योजनेचे पैसे २०२५ मध्ये दिव्यांगांना महिना दीड हजारांवरून अडीच हजार झाले. त्यात औषध, रेशन भागवून बॅटरीची जोडी कधी घ्यायची?

त्याच अंकात आतल्या पानावर अंगाला बांधून चालायला लावणाऱ्या यंत्रमानवी पायांवर अर्धे पान लेख आहे. लेख चांगला आहे, मी दोनदा वाचला. पण अमेरिकेत २०१४ साली घरी वापरायला मान्यता मिळालेल्या रीवॉकसारख्या यंत्रालाही दोन्ही हातांत कुबड्या धरायला लागतात, हे त्यात आले नाही. ज्याचा एक हात कमजोर त्याला ते यंत्र कोणी फुकट दिले तरी निरुपयोगी. त्यापेक्षा आयआयटी मद्रासमधून निघालेला निओबोल्ट आपल्या वाचकांना सांगायला हवा होता. तो चाकाच्या खुर्चीला पुढून जोडायचा, लिथियम बॅटरीवर चालणारा, आपल्याच देशात बनलेला आहे. जोड काढली की खुर्ची घरात वापरता येते. भावाच्या हाताला ते हँडल झेपेल का ते आम्हाला बघायचे आहे, पण बघायला ठेवतो कोण? वाटपाच्या मंडपात निवड नसते, जी रांगेत येईल ती गाडी.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा राज्य सरकारचा आदेश आहे. त्यातून वाटलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून द्या, तालुक्याला एक मेकॅनिक नेमा. यासाठी मंडप घालावा लागत नाही. मी अर्ज दिला आहे. "बॅटरी हे साहित्यात बसत नाही," असे तोंडी उत्तर मिळाले, लेखी द्यायला कोणी तयार नाही.

आणखी एक. बँकेसमोर उतार बांधला आहे, पण त्यावर रोज मोटरसायकली लावलेल्या असतात. गाडी चालू होती तेव्हाही भावाची सही घ्यायला कारकून बाहेर रस्त्यावर यायचा. याचाही फोटो छापा.

आपल्या वार्ताहराकडे मागच्या वाटपाची यादी असेलच. त्यातल्या घरी जाऊन गाड्या चालू आहेत का, एवढे विचारावे. आमचा पत्ता सोबत जोडला आहे, तो छापू नये. पावसाळ्याआधी आलात तर बरे, कारण तोवर गाडी ओसरीत आहे. नंतर ती हलवावी लागेल आणि हलवायला चार माणसे लागतात.

एक नियमित वाचक,
जि. सातारा