व्हिडिओ अडकतो, पण दोष प्रोजेक्टरचा नसतो

महोदय,

व्याख्यान असो, चर्चासत्र असो की निरोप समारंभ, स्लाइड शोमध्ये एखादा व्हिडिओ असतोच आणि ऐन वेळी नेमका तोच दगा देतो. आवाज येतो, पण पडद्यावर काळा चौकोन. नाहीतर चित्र जरा पुढे सरकतं आणि थिजतं. मग कुणी केबल काढून पुन्हा लावतं, कुणी प्रोजेक्टर बंद करून चालू करतं, आणि वक्त्याचा सूर जातो तो जातोच. यातल्या बऱ्याच प्रसंगी केबलचा काही संबंध नसतो. व्हिडिओच त्या संगणकाला न झेपणाऱ्या प्रकारात असतो. हे आदल्या दिवशी सहज निस्तरता आलं असतं, म्हणून हे पत्र.

‘माझी फाइल एमपीफोरच आहे’ असं लोक खात्रीने सांगतात. पण एमपीफोर हे नुसतं पाकीट आहे. आतला व्हिडिओ कोणत्या कोडेकने, म्हणजे चित्र दाबून साठवण्याच्या कोणत्या पद्धतीने बांधला आहे, ते त्या नावावरून कळत नाही. तो एच.264 असेल, तर आजचा जवळजवळ कोणताही संगणक तो विनासायास चालवतो. तो एचईव्हीसी, म्हणजे एच.265 असेल, तर भरवसा नाही. 2017 मध्ये आलेल्या आयओएस 11 पासून नव्या आयफोनचा कॅमेरा, सेटिंग बदललं नाही तर, एचईव्हीसीमध्येच चित्रीकरण करतो. विंडोजच्या अनेक संगणकांवर मात्र त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन टाकावं लागतं. तोच व्हिडिओ व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये झकास चालतो, कारण व्हीएलसी स्वतःचे डिकोडर, म्हणजे व्हिडिओ उलगडणारी साधनं, बरोबर घेऊन येतं. पॉवरपॉइंट विंडोजवर जे आहे त्यावर विसंबून असतं. त्यामुळे ‘व्हीएलसीत चालला’ ही चाचणी कामाची नाही. आणि फाइलच्या नावातलं एमओव्ही खोडून एमपीफोर लिहिल्याने आत तसूभरही फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट आकाराची. फोरके चित्रात 1920 बाय 1080 च्या चौपट पिक्सेल असतात. प्रोजेक्टर 1080चाच असेल, तर त्या जास्तीच्या पिक्सेलचा प्रेक्षकांना काडीचा उपयोग नाही. जुना लॅपटॉप तेवढा धापा टाकतो. एमपीफोर फाइल, आत एच.264 चित्र आणि एएसी आवाज, 1080 आकार, सेकंदाला 25 किंवा 30 फ्रेम, एवढं जमवलं की झालं. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर हे रूपांतर करून देतं. त्यातला ‘फास्ट 1080पी30’ हा तयार पर्याय बहुतेकांना पुरेसा आहे. व्हिडिओ डब्ल्यूएमव्ही या विंडोजच्या जुन्या प्रकारात करून घ्या, असा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो जुन्या पॉवरपॉइंटच्या काळातला आहे आणि मॅकवर तर तो अडचणच करतो.

व्हिडिओ स्लाइडमध्ये बसवताना ‘लिंक’ केला असेल, तर फक्त सादरीकरण पेनड्राइव्हवर नेऊन भागत नाही. व्हिडिओ मागेच राहतो. तो फाइलमध्येच बसवावा.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडूनही अपेक्षा आहे. व्हिडिओ स्लाइडवर टाकताक्षणी ‘हा दुसऱ्या संगणकावर कदाचित चालणार नाही’ असा ठळक इशारा द्यायला काय हरकत आहे? पॉवरपॉइंटच्या विंडोज आवृत्तीत व्हिडिओ इतर संगणकांवरही चालावा म्हणून ‘ऑप्टिमाइझ कंपॅटिबिलिटी’ नावाची सोय आहे, पण ती फाइल मेनूच्या माहितीच्या पानावर आहे. गरज असलेला माणूस तिथवर पोहोचतच नाही.

तोवर आयोजकांनी एवढं करावं. निमंत्रणपत्रात वेळ आणि स्थळ लिहितो, तसंच वक्त्यांसाठी लिहावं: ‘व्हिडिओ एमपीफोर, एच.264, 1080 मध्ये आणावा आणि सभागृहातल्या संगणकावर अर्धा तास आधी पूर्ण पडदाभर चालवून पाहावा.’ त्या अर्ध्या तासात आयोजकांपैकी कुणीतरी संगणकापाशी हजर असावं.

– एक वाचक