नुसतं 'नॉर्मल' ऐकून परत येऊ नकोस

प्रिय बाळा,

दिवस राहिलेत म्हटल्यावर तू पहिलं विचारलंस ते सोनोग्राफीचं. ती होईलच. पण पुढचे नऊ महिने तुझ्यासाठी सगळ्यात जास्त राबणार आहे तो दर वेळी दंडाला गुंडाळायचा बी.पी.चा पट्टा. स्कॅनचे फोटो सगळे जपून ठेवतात आणि बी.पी. किती होतं ते दाराबाहेर पडेपर्यंत विसरतात, म्हणून हे आधी सांगते.

पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत हवी, दहाच्या आत झाली तर उत्तम. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख लिहून ने. दिवस तिथूनच मोजतात आणि त्यात २८० दिवस मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख निघते. पाळी पुढेमागे होत असेल तर हा हिशेब चुकतो. म्हणून सुरुवातीच्या स्कॅनमध्ये बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून तारीख पक्की करतात. त्या आठवड्यांत सगळी बाळं जवळपास सारखीच वाढतात, त्यामुळे हा अंदाज चांगला जमतो. एकदा ठरलेली तारीख पुढच्या रिपोर्टात वेगळी छापून आली तरी बदलायची नाही. नाहीतर ज्या बाळाची वाढ खरोखर कमी आहे त्याचे 'दिवसच कमी आहेत' असं वाटून दुर्लक्ष होतं.

पहिल्या भेटीत वेळ मोडतो. चालू औषधं, जुने आजार, ऑपरेशनं, आधीचे गर्भपात, घरात कुणाला मधुमेह किंवा बी.पी. आहे का, सगळं विचारतील. काही लपवू नकोस. थायरॉइडची किंवा फिटची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नकोस, आधी विचार. रक्तही बरंच काढतात: हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एच.आय.व्ही., कावीळ बी, सिफिलिस आणि बहुतेक ठिकाणी थायरॉइड. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर कमी धरतात. मधल्या तिमाहीत रक्तातलं पाणी वाढल्यामुळे आकडा थोडा उतरतो, तेव्हा १०.५ ची मर्यादा लावतात. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतलीस तर लोह नीट शोषलं जात नाही. दोन्हींत दोनेक तासांचं अंतर ठेव. शौचाला काळी झाली तर घाबरू नकोस, ती त्या गोळीनेच होते.

रक्तगट निगेटिव्ह निघाला आणि जावईबापूंचा पॉझिटिव्ह असला तर 'अँटी-डी' हे नाव लक्षात ठेव. बाळाच्या रक्ताविरुद्ध तुझ्या रक्तात घातक द्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून ते असतं. ते इंजेक्शन साधारण २८व्या आठवड्यात देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. मध्येच रक्तस्राव झाला किंवा पोटाला मार बसला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रक्तगट निगेटिव्ह असल्याचं स्वतःहून सांग.

आता बी.पी. ते मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बस. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला आणि लघवी करून आलेली. मोजताना बोलायचं नाही. दंड जाड आणि पट्टा लहान असला तर आकडा खोटा चढतो, अशा वेळी मोठा पट्टा मागायला लाजू नकोस. वरचा १४० किंवा खालचा ९० आला की काही तासांनी पुन्हा मोजतात. १६०/११० असेल तर त्याच दिवशी उपचार लागतात, घरी परतायचं नाही. पण नुसत्या या रेषेकडे बघू नकोस. सुरुवातीला १००/६० असलेल्या बाईचं बी.पी. १३०/८५ झालं, तर रेषा ओलांडलेली नसते, तरी आकडा बराच चढलेला असतो. तो चढ दिसायला आधीचे आकडे समोर लागतात. म्हणून 'नॉर्मल आहे' म्हणाले तरी 'किती आहे?' विचार आणि तारखेसह फाइलमध्ये लिही.

लघवीची तपासणीही यासाठीच. विसाव्या आठवड्यानंतर बी.पी. चढलं आणि लघवीत प्रथिन आलं तर तो प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला बी.पी.चा धोकादायक आजार, असू शकतो आणि सुरुवातीला तुला काहीच जाणवणार नाही. नमुना देताना पहिली धार सोडून मधली धर, नाहीतर अंगावरचं पांढरं त्यात मिसळून प्रथिन उगीच दिसतं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, चेहरा अचानक सुजणं, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. संध्याकाळी पावलं थोडी सुजतात, ते वेगळं.

साखरेची मुख्य चाचणी २४ ते २८ आठवड्यांत. बऱ्याच ठिकाणी उपाशीपोटी बोलावून ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांपर्यंत रक्त घेतात. तेवढा वेळ एका जागी बस, फिरू नकोस. उलटी झाली तर लगेच सांग, त्या दिवशीची चाचणी मग धरत नाहीत.

स्कॅनचं थोडक्यात. ११ ते १४ आठवड्यांमध्ये बाळाच्या मानेमागची जाडी बघतात, जोडीला रक्ताची चाचणी असते. त्यातून बाळात डाऊन सिंड्रोमसारखा जन्मजात दोष असण्याचा धोका जास्त की कमी एवढंच कळतं, निदान होत नाही. 'हाय रिस्क' आलं तर पुढची खात्रीची तपासणी होईपर्यंत कसलाच निर्णय घेऊ नकोस. १८ ते २२ मध्ये अवयव तपासतात. तेव्हा वार (प्लॅसेंटा) खाली आहे म्हणाले तरी बहुतेकींची पुढे वर सरकते, ३२व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा बघतात. शेवटच्या महिन्यातलं बाळाचं वजन मात्र अंदाजच समज, त्यात दहा-पंधरा टक्के इकडचं तिकडं होतं.

चोविसाव्या आठवड्यापासून गर्भाशयाची उंची मोजायला पोटावर उभी टेप लावतील. साधारण जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोन-तीनचा फरक चालतो. एकच व्यक्ती दर वेळी मोजत असेल तर उत्तम.

हालचाल पहिल्या खेपेला १८ ते २० आठवड्यांत कळू लागते, कुणाला थोडी उशिरा. नंतर बाळाची एक लय बसते. ती नेहमीपेक्षा मंदावली तर त्याच वेळी जा, रात्र असली तरी. घरच्या मशीनवर ठोके ऐकून समाधान मानू नकोस. ठोके असूनही बाळ थकलेलं असू शकतं.

२८ आठवड्यांपर्यंत महिन्यातून एकदा, ३६ पर्यंत पंधरा दिवसांनी, मग दर आठवड्याला, असा बहुतेक ठिकाणचा क्रम. छत्तिसाव्याला बाळाचं डोकं खाली आहे का बघतील. पायाळू असेल तर बाहेरून फिरवता येतं का, हे तेव्हाच विचार, नंतर जागा उरत नाही. आतली तपासणी दर वेळी लागत नाही. करणार असतील तर कशासाठी ते विचारायचा तुला हक्क आहे. तारीख उलटली तर ४१व्या आठवड्यात काय करणार, तेही ३८ च्या भेटीतच विचारून फाइलवर लिहून घे.

तुझी,
आई