गोणपाटावर शिवलेली माणसं

ग्लासगो, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा फोनवर चिलीच्या आजींचा विषय निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "पन्नास वर्षांपूर्वीचं आता उकरून काय मिळणार? आणि त्या लोकांशी आपला संबंध काय?" कुकर लावलेला होता, म्हणून मी विषय टाळला. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. आई, तुझ्याकडेही एक काम आहे, ते पुढे येईलच.

ज्या चिलीच्या आजींकडे मी रविवारी जाते, त्या सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर इथे आल्या. ११ सप्टेंबर १९७३ला लष्कराने राष्ट्राध्यक्ष आयेंदेंचं निवडून आलेलं सरकार उलथवलं, सान्तियागोत राष्ट्राध्यक्षांच्या ला मोनेदा प्रासादावर बाँब टाकले आणि जनरल पिनोशे जो बसला तो १९९०पर्यंत. तुमचा आवडता कवी नेरुदा त्यानंतर बाराच दिवसांनी गेला. बाँब टाकणारी विमानं होती हॉकर हंटर. हो, लोंगेवालाला पाकिस्तानी रणगाडे फोडले त्याच जातीची! चिलीच्या त्या विमानांची इंजिनं दुरुस्तीला यायची ती आमच्या इथून जवळच, ईस्ट किलब्राइडच्या रोल्स-रॉइस कारखान्यात. १९७४मध्ये तिथल्या कामगारांनी त्यांना हात लावायला साफ नकार दिला. चार वर्षं ती इंजिनं आवारात पावसात गंजत पडली. तुम्ही युनियनमध्ये उभी हयात काढलीत, त्यात नोकरीची काय जोखीम होती हे मी तुम्हाला काय सांगणार?

त्या राजवटीत दोनेक लाख माणसं देशाबाहेर गेली असं मानतात. पासपोर्टवर ‘एल’ हे अक्षर उमटलं की परतीचा रस्ता बंद. आजींनी इथे कित्येक वर्षं धड कपाटसुद्धा घेतलं नाही. पुढच्या वर्षी जायचंच आहे, मग कशाला खर्च? बंदी उठली १९८८मध्ये. तोवर मुलं अस्सल ग्लासगोची झाली होती.

त्यांच्या धाकट्या भावाला १९७४मध्ये घरातून उचलून नेलं. वडील कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले. उत्तर एकच: असा माणूस आमच्याकडे नाही. प्रेत मिळालं नाही, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर दहावं नाही की बारावं नाही. चिली सरकारने २०२३मध्ये शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली, तेव्हा बेपत्ता केलेल्यांचा आकडा १,४६९ होता आणि त्यातल्या जेमतेम तीनशेंच्या अवशेषांची ओळख पटलेली. उकरून काय मिळणार, विचारता ना? आताकामाच्या वाळवंटात कालामा गावच्या बायका वर्षानुवर्षं फावडी घेऊन जमीन उकरत होत्या. १९९०मध्ये त्यांच्या हाती हाडांचे तुकडे लागले. बाकीचं लष्कराने आधीच हलवलं होतं.

देशात राहिलेल्यांना फोटो जपायचा तरी धाक. म्हणून ते काम बाहेरच्यांवर आलं. आजींच्या पलंगाखाली बुटांचे खोके आहेत: नावांच्या याद्या, मोर्च्यांची पत्रकं, सुटून आलेल्यांच्या कैदेतल्या हकिकती. माणसं काही देवमाणसं नाहीत हं. समाजवादी, कम्युनिस्ट, मीर या क्रांतिकारी डाव्या संघटनेचे लोक, असे गट आहेत, आणि १९७३ला चुकलं कोणाचं यावरून अजूनही वाजतं. पण १६ ऑक्टोबर १९९८च्या रात्री लंडनच्या दवाखान्यात पिनोशेला अटक झाली, तेव्हा ब्रिटनभरचे चिलीवाले बेपत्तांचे फोटो आणि ढोल घेऊन रस्त्यावर आले. आजी रात्रभर बसमध्ये बसून गेल्या होत्या. ५०३ दिवसांनी तब्येतीचं कारण देऊन ब्रिटिश सरकारने त्याला सोडलं, आणि सान्तियागोच्या विमानतळावर हा चाकाच्या खुर्चीतून उठून चालायला लागला! २००६मध्ये गेला, तेही १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी. शिक्षा काही झाली नाही.

आता तुझं काम, आई. त्या खोक्यांत सहा-सात आर्पियेरा आहेत. गोणपाटाच्या तुकड्यावर चिंध्यांची चित्रं. तू पाहिलीस तर म्हणशील, ही तर गोधडीच, फक्त अंगावर न घेण्याची. १९७४पासून सान्तियागोत चर्चच्या आश्रयाने बेपत्तांच्या आया-बायका एकत्र बसून त्या शिवायच्या. मग त्या गुपचूप परदेशी जायच्या आणि निर्वासित इथे त्या विकून पैसे परत पाठवायचे. भीतीपोटी खाली नाव घालत नसत. एकीत मागे अँडीजचे डोंगर, वर पिवळा सूर्य, आणि पुढे पोलिसांच्या गाडीसमोर पाच बायका. त्यातल्या एकीचा झगा चौकटीच्या शर्टाचा आहे, कडेला काजसुद्धा तशीच. बऱ्याच जणी घरच्या हरवलेल्या माणसाचेच कपडे कापायच्या. हा शर्ट कोणाचा होता, आजींनाही माहीत नाही. चित्राच्या मागच्या बाजूला इवलासा खिसा आहे आणि आत घडी घातलेली चिठ्ठी. अक्षर पुसट झालंय. मी फोटो काढते, आजी वाचतात, त्यांची नात इंग्रजीत उतरवते.

या काजवाल्या तुकड्याला कसर लागली आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास आजींना सोसत नाही. तू पैठणीत वेखंड ठेवतेस ते अख्खं की कुटून? मलमलीच्या पुरचुंडीत बांधलं तर डाग पडेल का? जुनी लोकर उन्हात टाकावी की नुसती वाऱ्यावर? तुझे टाके बारीक असतात म्हणून विचारते, फाटलेलं गोणपाट मागून जाळीच्या कापडाने धरायचं तर दोरा कुठला घेऊ? मला व्हॉट्सॲपवर बोलून पाठव, टाइप करत बसू नकोस, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत डोळ्यांना ताण नको.

बाबा, त्यांना तुमच्याबद्दल सांगितलंय. तुमच्या युनियनचा गेटसभेतला जुना फोटो त्यांना बघायचा आहे. शेजारच्या मुलाकडून स्कॅन करून पाठवा, आणि मागच्या रांगेत कोण कोण उभे आहेत त्यांची नावंही लिहा. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
चिऊ