आईच्या गोळ्यांची पिशवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी आई ८१ वर्षांची. मागच्या उन्हाळ्यात पहाटे बाजेवरून उठताना भोवळ येऊन पडली, मनगट मोडलं. परभणीला नेलं तर तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी औषधांची पिशवी टेबलावर उपडी करायला लावली. तीन डॉक्टरांच्या मिळून अकरा गोळ्या! दोन पाकिटांवर नावं निराळी, आत औषध एकच, अ‍ॅम्लोडिपिन. रक्तदाबाची गोळी आई दुप्पट घेत होती आणि मी, जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, ती रोज मोजून देत होतो.

बाईंनी रक्तदाब आडवं निजवून मोजला, मग उभं करून. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर पडण्याचा धोका असतो म्हणे. हे याआधी कुणीच केलं नव्हतं.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये 'लासी' या उतारवयावरच्या पाहणीत देशभरातल्या ७२ हजारांवर लोकांना गाठलं, बहुतेक पंचेचाळिशीपुढचे. मुठीची ताकद, चालण्याचा वेगसुद्धा मोजला. चांगलंच झालं. पण आमच्या गावात पोरं पुण्याला, म्हातारी माणसं वाड्यात. त्यांच्या पिशवीत कोण डोकावणार? प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दुपार, बाजाराच्या दिवशी, नुसत्या पिशव्या तपासायला ठेवा. यंत्र लागत नाही, एक टेबल लागतं.

आईच्या आता पाचच गोळ्या आहेत.

– एक निवृत्त शिक्षक, सेलू (जि. परभणी)