परवाच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "अरे पण तू दिवसभर करतोस काय? मानसिक आरोग्याचा समन्वय समन्वय म्हणतोस म्हणजे मीटिंगाच ना?" मी तेव्हा पंचायत समितीच्या पायऱ्यांवर उभा होतो, आतून कोणीतरी हाक मारत होतं, म्हणून "नंतर बोलू" म्हणून ठेवून दिला. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आज रविवार, घरचे सगळे लग्नाला गेलेत, लाईटही आहे, म्हणून बसलो लिहायला. लांबेल, तेव्हा चहा घेऊन बस.

एका पोराची गोष्ट सांगतो, म्हणजे समजेल. नाव-गाव सांगत नाही, ते सांगायचं नसतंच. वय २७, आयटीआय झालेला, घरी चार एकर कोरडवाहू वावर, माय आणि तो. तीन वर्षांआधी त्याला आवाज ऐकू यायला लागले, मायनं आधी सगळं बाहेरचं करून पाहिलं, कोंबडं झालं, लिंबू झाले, मग आशाताईनं आमच्या संस्थेच्या शिबिरात आणला. स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, गोळ्या घ्यायचा नाही म्हणून महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं. आणि पोरगा सुधारला रे. डवरणीला जायला लागला, गावातल्या पोरांसोबत क्रिकेट पाहायला बसायला लागला, मायच्या चेहऱ्यावर रंग आला. दीड वर्ष छान गेलं.

त्याचं इंजेक्शन चालू होतं ते एका नर्सबाईमुळे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात करारावर होत्या. त्यांच्याकडे एक निळी वही होती, त्यात चाळीसेक पेशंट, कोणाची तारीख कधी, कोणाच्या घरी फोन नाही म्हणून शेजारच्या किराणावाल्याचा नंबर, कोणाला एसटीच्या भाड्याचे पैसे द्यावे लागतात, कोणाचा बाप दारू पिऊन आला की पेशंटला शिबिराला येऊ देत नाही. हे सगळं त्या वहीत आणि बाईंच्या डोक्यात. त्यांना दुसऱ्या जिल्ह्यात कायम नोकरी लागली, त्या गेल्या, जायलाच पाहिजे होतं, ११-११ महिन्यांच्या करारावर माणूस किती वर्षं काढेल, पगारही दोन-दोन महिने उशिरा. जाताना त्यांनी वही कपाटात ठेवली आणि कपाटाची चावी ऑफिसात जमा केली.

पुढे काय झालं असेल ते तुला कळलंच असेल. जिल्ह्याच्या टीमला वाटलं, हा पोरगा आमच्या संस्थेच्या कार्यकर्तीच्या यादीत आहे. आमच्या कार्यकर्तीला वाटलं, त्याचं इंजेक्शन पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, होतंय. पीएचसीचे डॉक्टर नवीन, बॉण्डवर आलेले, त्यांना हा माणूस आहे हेच माहीत नाही. आशाताईला वाटलं, बरा झाला म्हणून बंद केलं असेल. तीन महिने गेले. मग एक दिवस माय रडत फोनवर, पोरगा चार दिवसांपासून घरी नाही. शेवटी १०० किलोमीटरवरच्या एका स्टँडवर सापडला, पायात चप्पल नाही, अंगावर फोड आलेले.

मी त्या रात्री झोपलो नाही. कोणावर चिडावं हेच कळेना, कारण प्रत्येकानं आपापलं काम केलं होतं आणि तरी पोरगा मधल्या फटीत पडला. ती फट म्हणजे माझं काम आहे, मित्रा. तिथे हात धरून उभं राहायचं. मीटिंगा त्यासाठीच.

आता तू म्हणशील, एवढ्या योजना आहेत तर फट राहते कशी. योजना आहेतच, नाही म्हणत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, म्हणजे तेव्हा आपण जन्मलोसुद्धा नव्हतो. कर्नाटकात बेल्लारीला निम्हान्सनं, म्हणजे बंगळूरच्या मोठ्या मानसिक आरोग्य संस्थेनं, करून दाखवलं की साध्या पीएचसीच्या डॉक्टरला शिकवलं तर तोही हे आजार सांभाळू शकतो, त्यावरून १९९६ ला जिल्हा कार्यक्रम निघाला. विचार अगदी बरोबर होता, पेशंटनं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात जायच्याऐवजी सेवा त्याच्या तालुक्यात यावी. कागदावर जिल्ह्याला मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स अशी पूर्ण टीम आहे. आमच्याकडे सध्या त्यातले दोघे आहेत. मानसोपचारतज्ज्ञाची जागा रिकामी, सिव्हिलचे डॉक्टर आठवड्यातून एक दिवस तालुक्याला येतात, आणि त्या दिवशी व्हीआयपी दौरा किंवा कोर्टाची तारीख आली की तोही दिवस जातो. देशातच लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञ नाही, तर आमच्यासारख्या आडजिल्ह्यात कोण येणार.

पैशाचं म्हणशील तर तो येतो, पण कधी येईल हे सांगता येत नाही. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०, दोन्हीकडचं जुळून खाली यायला वेळ लागतो आणि मार्चमध्ये एकदम सगळं खर्च करा म्हणून फोन सुरू. औषधाचं तेच. मधूनच स्किझोफ्रेनियाचं रिस्पेरिडोन संपतं, मधूनच मिरगीचं व्हॅल्प्रोएट. आणि हे ताप-खोकल्याचं औषध नाही ना की चार दिवस नाही मिळालं तर चालेल. मिरगीच्या पेशंटला व्हॅल्प्रोएट आठवडाभर चुकलं की फिट येते, आणि फिट विहिरीच्या काठावर आली तर? गेल्या पावसाळ्यात रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून लोकल खरेदी करून घेतली, त्यासाठी तीन चकरा मारल्या. खरेदीवर सही करणाऱ्या साहेबांना मी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ छापून नेऊन दिलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की अत्यावश्यक यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत सदैव मोफत मिळाली पाहिजेत. आणि कायद्यानं ठरवलेली किमान सेवा जिल्ह्यात नसेल तर पेशंटनं जिल्ह्यातल्याच दुसऱ्या दवाखान्यात घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारनं द्यायचा. त्यांनी शांतपणे वाचलं, सही केली. माणूस वाईट नव्हता, त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं.

आमच्या संस्थेचं सांगायचं तर तीन वर्षांचं प्रोजेक्ट मार्चला संपलं. सहा कार्यकर्त्या होत्या, दोन राहिल्या, त्याही अर्ध्या मानधनावर. देणगीदार वाईट नसतात रे, पण त्यांच्या बजेटमध्ये ट्रेनिंगचा हॉल असतो, बॅनर असतं, जेवण असतं, आणि पेशंटच्या घरी दर महिन्याला जायचं पेट्रोल नसतं. मी दरवेळी प्रपोजलमध्ये टाकतो, दरवेळी पहिली कात्री त्यावरच. फॉलोअप म्हणजे त्यांना खर्च वाटतो. माझं म्हणणं उलटं आहे, ट्रेनिंग निम्मं करा पण तीच बाई तीच गावं पाच वर्षं फिरू द्या. दर दोन वर्षांनी नवीन पोरी येतात, आपण त्यांना नैराश्य म्हणजे काय ते पुन्हा पहिल्यापासून शिकवतो, आणि शिकल्या की प्रोजेक्ट संपतं.

होतं, हे तुला सांगायचंय. नीट केलं तर होतं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता, गावातल्याच साध्या लोकांना शिकवून. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे सुरुवातीला ४.३ टक्के होते, दीड वर्षानं २७.२ टक्के झाले. ही कापसाचीच गावं, कास्तकारांचीच, कर्जाचीच. पण देशाचा आकडा काय, तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, ते १२ राज्यांत झालं, आपला महाराष्ट्र त्यात नव्हता, नैराश्य-चिंतेसारख्या आजारांत १०० पैकी ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. मला वाटतं हा आकडा डॉक्टर नाहीत एवढ्यामुळेच नाही. आहेत ते लोक एकमेकांना ओळखत नाहीत, हेही त्याचं मोठं कारण.

आशाताईंचंच बघ. त्या घरोघरी जो सीबॅकचा, म्हणजे आजारांच्या तपासणीचा, फॉर्म भरतात ना, बीपी-शुगरवाला, त्यात मनाबद्दल दोन प्रश्न आहेत, कशात रस वाटत नाही का आणि उदास वाटतं का. आमच्या भागात सगळ्या फॉर्मवर शून्य-शून्य. मी एका जुन्या आशाताईला विचारलं तर म्हणाली, "भाऊ, विचारलं अन् ती बाई रडाले लागली तं म्या पुढं काय करू? कोनाले सांगू?" त्या एका वाक्यानं माझे डोळे उघडले. ज्याच्यापुढे द्यायला काही नाही तो प्रश्न माणूस विचारतच नाही. मग आम्ही फक्त एवढं केलं, प्रत्येक आशाताईच्या मोबाईलमध्ये दोन नंबर सेव्ह करून दिले. एक आमच्या कार्यकर्तीचा, एक १४४१६, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा, तो २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो. पुढच्या तीन महिन्यांत त्या फॉर्मवर शून्याशिवाय दुसरे आकडे दिसायला लागले. मला इतका आनंद झाला, मी बायकोला फोटो पाठवला.

हेल्पलाईनवर मात्र सगळं सोडून चालणार नाही, हे तुला ठासून सांगतो. ती रात्र काढून देते. सकाळी त्या घरी कोणीतरी जावंच लागतं.

तर निळ्या वहीनंतर आम्ही काय केलं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या खोलीत बसतो. जिल्हा टीमचे दोघे, शेतकऱ्यांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पाचे समुपदेशक, पीएचसीचे डॉक्टर किंवा त्यांच्या वतीनं सीएचओ म्हणजे उपकेंद्राचे आरोग्य अधिकारी, आशाताईंवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताई, उमेद या सरकारी अभियानाच्या बचत गटाची एक बाई, आमच्या दोघी कार्यकर्त्या आणि मी. भाषण नाही, प्रास्ताविक नाही. एक यादी काढतो, त्यावर नावं नाहीत, फक्त नंबर, कारण गोपनीयता कायद्यात आहे आणि गावात तर जास्तच लागते, पोरीचं लग्न मोडतं रे एका शब्दानं. प्रत्येक नंबरासमोर एकच प्रश्न, हा आज कोणाच्या हातात आहे? "आपल्या सगळ्यांच्या" हे उत्तर चालत नाही. एका माणसाचं नाव पाहिजे. आणि कोणी नोकरी सोडून चाललं तर त्यानं आपल्या पेशंटच्या घरी नवीन माणसाला सोबत घेऊन जायचं, ओळख करून द्यायची, चहा प्यायचा, मगच सोडायचं. एवढा एकच नियम. नुसती वही देऊन चालत नाही, मायला तोंडओळख लागते.

आता गावाबाहेरच्या दर्ग्याच्या मुजावरांशीही बोलणं चालू आहे. गुजरातमध्ये उनाव्याला मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ सोबत चालतात, तसं इथे करायचं मनात आहे. लोक तिथे जाणारच, त्यांना अडवून मिळणार काय? मुजावरबाबा म्हणाले, धागा मी बांधतो, गोळी तुम्ही द्या. गुरुवारी गर्दी असते, म्हणून त्या दिवशी आमची एक कार्यकर्ती तिथे बसायला लागली आहे.

पोरगा आता ठीक आहे. पूर्वीएवढा नाही, चार इंजेक्शनं झालीत, हळूहळू येतोय. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज केलाय, ते झालं की संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानासाठी तहसीलला जाऊ. माय परवा शिबिरात आली तेव्हा तिनं नवीन सिस्टरबाईंसाठी वावरातल्या तुरीच्या शेंगा आणल्या होत्या.

आता खरं काम सांगतो, कारण पत्र त्यासाठीच आहे. माझ्या दोन कार्यकर्त्या रोज जे ऐकतात ते कोणाजवळ बोलूच शकत नाहीत. गेल्या महिन्यात एकीच्या यादीतल्या एका कास्तकारानं फवारणीचं औषध घेतलं, वाचला नाही. ती दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कामावर आली, आणि मला तेच जास्त भीतीचं वाटलं. मी सोशल वर्कवाला, मला त्यांना सांभाळता येतं तेवढं सांभाळतो, पण हे माझ्या शिक्षणाच्या पलीकडचं आहे. तू क्लिनिकल सायकॉलॉजीवाला आहेस, पुण्यात बसून दर दुसऱ्या बुधवारी संध्याकाळी त्यांच्याशी एक तास फोनवर बोलशील का? सुपरव्हिजन म्हण, काही म्हण. पैसे देऊ शकत नाही, ते तुला माहीत आहे. फक्त एक अट, सुरू केलंस तर वर्षभर सोडायचं नाही, आणि सोडायची वेळ आलीच तर आधी दुसऱ्या कोणाची त्यांच्याशी ओळख करून द्यायची. नियम तुलाही तोच.

जमत नसेल तर सरळ नाही म्हण, मी रागावणार नाही, दुसरा कोणी शोधीन. पण जमत असेल तर सुरुवातीला एकदा इकडे ये, दोघींना समोरासमोर भेट. पुढचं शिबिर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी आहे, बुधवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालास तर सकाळी मी स्टँडवर घ्यायला येतो. जेवायला घरीच, बायको म्हणते पाटोडी करते. स्वेटर आण, पहाटे थंडी असते.

व्हॉट्सअॅपवर उत्तर नको देऊ, फोन कर. नऊनंतर मी मोकळा असतो.

तुझाच,
मित्र